गाडीची दुसरी वाटणी

पडेगावच्या लॉन्सच्या फाटकातून शिवराजदादाची पिकअप आत शिरली तेव्हा सोनियाला आधी दिसली पुढच्या सीटवर अंग चोरून बसलेली थोरली काकू मोठ्याई, मग तिच्या मांडीवरची नारळांची पिशवी, आणि मग मागच्या हौद्यात दोरांनी आवळून बांधलेला तीन पायांचा लोखंडी घोडा. विहिरीतली मोटर वर ओढायला सिल्लोडच्या मळ्यात वापरतात तो. त्याला चेनपुली लटकत होती, आणि गाडी फाटकातल्या उंचवट्यावर आदळली तशी ती अशी काही खणखणली, की शेजारच्या लांबलचक अमेरिकन गाडीचे मालक पुसायचं थांबून बघायला लागले.

जी गोष्ट सोनियानं दीड वर्ष कुणाला कळू दिली नव्हती, ती आज जुन्या गाड्यांच्या भर प्रदर्शनात चेनपुली घेऊन हजर झाली होती.

तिच्या पाठीमागे हिरवळीवर गाडी उभी होती. १९५१ सालची एमजी. दोन माणसांची, वरून उघडी, गडद हिरवी, आत लालभडक गादी, आणि पुढे दोन गोल दिवे असे, की बघणाऱ्याला वाटावं ही आपल्यालाच काहीतरी विचारतेय. सोनियाचे आजोबा नाना शिंगारे यांची सिल्लोडला कापसाची जिनिंग होती. मायदेशी परत निघालेल्या एका गोऱ्या इंजिनिअरकडून त्यांनी ही गाडी घेतली आणि कपाशीच्या हंगामात बैलगाड्यांच्या रांगेतून ती मनसोक्त मिरवली. नाना गेल्यावर दोघा भावांची वाटणी झाली. जमीन, घर, जिनिंग, भांडीकुंडी सगळं बिनतक्रार वाटलं गेलं, आणि शेवटी उरलेली गाडीही वाटली गेली. म्हणजे खरोखरच वाटली. थोरल्या सांडूअण्णांकडे इंजिन आणि गिअरबॉक्स, धाकट्या रामकिसनकडे, म्हणजे सोनियाच्या पप्पांकडे, बाकीची गाडी. भावाभावांनी घरात भिंत घातल्याचं सगळ्यांनी पाहिलंय. गाडीत भिंत घालावी ती शिंगाऱ्यांनीच.

मग इंजिनानं पस्तीस वर्षं मळ्यातल्या विहिरीवर काढली. वीज गेली की पाणी तेच उपसायचं. सांडूअण्णांनी बैल विकले त्या वर्षापासून तर पोळ्याला त्या इंजिनालाच गेरू लावून, गोंडे बांधून पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायची पद्धत पडली. इकडे सिडकोतल्या घरासमोर विटांवर चढवलेल्या बॉडीत बसून पप्पा रोज संध्याकाळी पेपर वाचायचे, स्टिअरिंगवर टेकवून. भाऊ कधी भांडले नाहीत. लग्नकार्यात भेटले की एक म्हणायचा, "बरंय ना?" आणि दुसरा म्हणायचा, "बरंय." एकमेकांच्या उंबऱ्याच्या आत मात्र दोघांनीही पाय टाकला नाही.

सोनिया वाळूजच्या एका कंपनीत इंजिनिअर. तिनं गाडीच्या सांगाड्यातलं कुजलेलं लाकूड काढून सागवान घातलं, इंग्लंडहून दिव्यांच्या काचा मागवल्या, सुट्टीचा प्रत्येक दिवस त्या गाडीखाली झोपून काढला. पण इंजिनाशिवाय ते सगळं म्हणजे गणपती नसलेलं मखर होतं. शेवटी पप्पांना न सांगता ती सांडूअण्णांच्या शिवराजदादाबरोबर मळ्यात गेली. मोठ्या बाबांनी, म्हणजे सांडूअण्णांनी, चहा पाजला, तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ने. पर परदर्शन झालं की हाय तिथं आणून बसवायचं. शब्द दे."

तिनं दिला. पुढचं पुढं बघू म्हणून दिला. घरी येऊन पप्पांना एवढंच सांगितलं, की मोठ्या बाबांनी इंजिन दिलं. उरलेलं वाक्य तिनं गिळलं. पप्पा ते ऐकून स्वयंपाकघरात गेले, उगाचच दोन पेले पाणी प्यायले आणि बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. त्यानंतर ते उरलेलं वाक्य सांगायची तिची काही हिंमत झाली नाही.

"दादा, हे काय आणलंस?" ती पिकअपपाशी धावली.

"मला नको इच्यारू," शिवराज उतरता उतरता म्हणाला. कापसाच्या भावात भल्याभल्यांना न ऐकणारा हा गडी स्वतःच्या बापापुढे मात्र गोगलगाय व्हायचा. "मी म्हन्लं, आजच्या दिवस ऱ्हाऊ द्या. तं म्हने, शब्द म्हंजे शब्द."

"पप्पांना माहीत नाहीये अजून."

"आं? सोने, दीड वरसात सांगितलं नाय?"

"तू सांगितलं असतंस?"

शिवराजनं क्षणभर विचार केला. "नाय," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "मी गाव सोडून गेलो असतो."

सांडूअण्णा पलीकडच्या दारानं उतरले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पांढरी टोपी. त्यांनी आभाळाकडे पाहिलं, मंडपाकडे पाहिलं, दौलताबादच्या रस्त्यावरून चाललेल्या बसकडेही पाहिलं. फक्त गाडीकडे पाहिलं नाही.

"या अण्णा," पप्पा लगबगीनं पुढं आले. आजच्यासाठी मुद्दाम शिवलेला निळा कोट त्यांच्या अंगावर होता. ते पाया पडायला वाकले.

"ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे."

गाडी बघायला जमलेल्या लोकांकडे वळून पप्पा अभिमानानं म्हणाले, "हे माझे थोरले बंधू. इंजिन यांनीच पाठवलं बरं का. स्वतःहून!"

सांडूअण्णांनी सोनियाकडे पाहिलं. सोनिया पुढच्या टायरमधली हवा बघायला लागली.

मोठ्याईला, भागूबाईंना, असल्या बारीकसारीक गोष्टींत रस नव्हता. त्या तडक गाडीपाशी गेल्या, पिशवीतून कुंकवाचा करंडा काढला आणि कुणाला काही कळायच्या आत रेडिएटरच्या चकचकीत जाळीवर पाच बोटं उमटवली. मग त्यांनी नारळ उचलला आणि बंपरवर नेम धरला.

"मोठ्याई, नको!" सोनिया मध्ये पडली. "बंपरवर नाही! क्रोम आहे ते!"

"मग कुठं फोडू? तुझ्या डोस्क्यावर?"

दगड शोधायला शिवराज पळाला. लॉन इतकी गुळगुळीत, की दगड मिळेना. शेवटी तंबूचा खुंटा ठोकायला ठेवलेला एक धोंडा सापडला, नारळ फुटला, चाकाखाली लिंबं गेली, आणि परीक्षक येईपर्यंत गाडीमागे चादर अंथरून भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी अशी पंगतही मांडली गेली. शेजारचे अमेरिकन गाडीवाले हातातलं सँडविच ठेवून ठेच्याकडे बघत होते. मोठ्याईनं त्यांनाही बसवलं.

परीक्षक पुण्याहून आले होते. डोक्याला गोल हॅट, हातात पांढरे मोजे. त्यांनी दारं उघडून-मिटून पाहिली, गादीची शिवण पाहिली, खाली वाकून चासी पाहिली. सोनियाचा श्वास त्यांच्या बोटांबरोबर पुढं सरकत होता.

"काम सुंदर झालंय," ते म्हणाले. "हे कुंकू मात्र कारखान्यातून येत नसणार."

"आसंल," मोठ्याई भाकरी मोडत म्हणाल्या. "त्यांच्यात पद्धत नसंल."

परीक्षक हसले. "जरा इंजिन चालू करा."

पप्पांनी चावी फिरवली. इंजिन एकदा खाकरलं आणि गुरगुरायला लागलं. सांडूअण्णा पाठमोरे उभे होते. त्यांची मान किंचित कलली. किती संध्याकाळी त्यांनी हा आवाज बांधावर बसून ऐकला असेल! ते वळले आणि आल्यापासून पहिल्यांदाच गाडीकडे त्यांनी नीट बघितलं. मग त्यांची नजर बॉनेटपुढच्या पाटीवर गेली. त्यांनी ती मोठ्यानं, सावकाश वाचली.

"मालक, रामकिसन शिंगारे." ते थांबले. "आन इंजिनाचा?"

"म्हणजे?" परीक्षकांना कळेना.

"गाडीचा मालक ह्यो. इंजिनाचा मालक मी. परदर्शन झालं की माझं इंजिन मी घेऊन चाललो." त्यांनी पिकअपकडे बोट केलं.

पप्पांनी वळून पाहिलं. घोडा, चेनपुली, दोर. त्यांनी चावी बंद केली आणि एकदम सगळं शांत झालं.

"सोने?"

"मी शब्द दिला होता, पप्पा. प्रदर्शनापुरतंच द्या म्हणून आणलं." सोनिया पुढं आली. "तुम्हाला सांगायचं राहिलं."

"राहिलं?"

"सांगितलं नाही," सोनिया म्हणाली.

पप्पा तिच्यावर रागावले नाहीत, आणि तेच तिला जास्त लागलं. ते गाडीतून उतरले, कोटाचं बटण लावलं, पुन्हा काढलं. "अण्णा, इतक्या वर्षांनी जुळलेली गाडी, पुन्हा तोडणार?"

"मी तोडली का?"

"वाटे कुणी पाडले?"

"आन उचलला कुनी?"

शिंगाऱ्यांकडची रीत अशी, की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. म्हणजे पाडणारा लबाडी करत नाही आणि उचलणाऱ्याला बोलायला जागा राहत नाही. रीत मोठी शहाणी होती. पण एकमेकांवर जीव टाकणारे आणि तोंडातून एक अक्षर न काढणारे दोन भाऊ ती पाळायला बसले तर काय होईल, याचा विचार कुणी केलेला नव्हता.

"मी तसे वाटे कामून पाडले?" सांडूअण्णांचा आवाज चढला. आसपासची माणसं जवळ सरकली. "गाडीचे तुकडे कोन करतं रे? मला वाटलं, रामू म्हनंल, अण्णा, आसं नका करू, गाडी तुमच्याकडंच ठिवा. नाय तं म्हनंल, मला द्या. कायतरी म्हनंल! तू गप उठला आन बॉडीवर हात ठिवला. दिवे, गादी, समदी शोभा तू घेतली. मी म्हन्लं, बरं हाय. याला शोभा पाहिजे, भाऊ नको."

"शोभा?" पप्पांचं शहरातलं मराठी केव्हाच गळून पडलं होतं. "अण्णा, त्या साली तुमची कपाशी वाळत होती. इहिरीवर मोटर नव्हती. मला वाटलं, तुम्हाला इंजिन पाहिजे आन तोंडानं मागाया लाजता, म्हणून मुद्दाम तसे वाटे पाडले. म्हणून मी बिनकामाचा वाटा उचलला. बिनइंजिनाची गाडी घेऊन मी काय करणार व्हतो? पेपर वाचला तिच्यात! आन तुम्ही साधं घरी ये बी म्हन्ले नाय."

"तू मला म्हन्ला?"

दोघांनाही एकदमच काहीतरी उमगत चाललं होतं आणि ते उमगू नये अशी दोघांचीही धडपड चालली होती.

मोठ्याई चादरीवरून उठल्या. "म्हंजे," त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "पस्तीस वरसं तुम्ही दोघं एकमेकांवर उपकार करून रुसून बसले व्हते? आन मी इकडं त्या इंजिनाला पुरणपोळ्या चारीत बसले?"

अमेरिकन गाडीवाले आधी हसले, मग सगळेच हसले. परीक्षकांनी हॅट काढून कपाळ पुसलं. पण सांडूअण्णा हसले नाहीत.

"शब्द दिलेला हाय," ते म्हणाले. "पोरीचा शब्द मोडायचा नाय. पर वाटणी परत करता येती. रीतीनं. आवंदा तू वाटे पाड, मी उचलतो."

पप्पांनी मान डोलावली. ते गाडीभोवती एक फेरी मारून आले. हिरव्या पत्र्यावरून, दारावरून, मागच्या चाकावरून त्यांचा हात फिरत गेला. सोनियाला रडू फुटेलसं वाटलं, कारण तो हात निरोप घेतोय हे तिला कळत होतं.

"पाडले," पप्पा म्हणाले. "एका वाट्यात गाडी. इंजिन, बॉडी, समदी. दुसऱ्या वाट्यात काय बी नाय. उचला."

आता मोठे बाबा काय करणार हे सोनियाला दिसत होतं. ते शिंगारे होते. ते रिकामा वाटा उचलणार, टोपी नीट करणार, रिकामी पिकअप घेऊन सिल्लोडला जाणार आणि पुढची सगळी वर्षं मळ्यात बसून भावाची वाट बघणार. गाडी अखंड राहणार होती. सोनियाच्या दारात राहणार होती. तिला हवं होतं ते सगळं आता तिला मिळणार होतं, आणि तरी तिचा जीव घाबराघुबरा झाला. "मोठे बाबा," ती पुटपुटली, "नका ना तसं."

सांडूअण्णांचा हात टोपीकडे गेला. त्यांनी टोपी नीट केली.

"तोंड हाय ना?" मोठ्याई कडाडल्या. "मग बोला!"

सांडूअण्णा दोन पावलं पुढं आले आणि त्यांनी आपला रापलेला पंजा बॉनेटवर ठेवला. "मला गाडी पाहिजे," ते म्हणाले. "पुरी."

शिंगाऱ्यांच्या घराण्यात कुणी उघडपणे "मला पाहिजे" म्हटल्याचं सोनियानं तरी कधी ऐकलं नव्हतं. पप्पांनीही ऐकलं नसावं. त्यांचा चेहरा आधी उतरला. निरोप घेतला होता, तरी अण्णा खरंच मागतील हे त्यांच्या हिशेबात नव्हतंच. मग त्यांच्या खांद्यांना बारीक हिसके बसायला लागले. सोनियाला वाटलं, रडतात. ते हसत होते.

"इतकी वरसं लावली, अण्णा? एवढं म्हणायला?"

"तू तरी कुठं इच्यारलं?" सांडूअण्णांचीही मिशी हलायला लागली होती. "आन आईक. मला चालवता येत नाय. शिवराज चालवंल, तं दोन दिवसांत गिअर मोडंल. तवा तू यायचं. आयतवारच्या आयतवार."

"आन नुसतं फिरवून पळायचं नाय," मोठ्याई म्हणाल्या. "जेवून जायचं."

सगळे आनंदात होते. शिवराज तर मोबाईल काढून फोटोच घ्यायला लागला होता. आणि सोनिया एकटी उभी राहून संतापत होती. सुट्ट्या तिच्या गेल्या होत्या. नखांत ग्रीस तिच्या होतं. एका वाटणीत नाही, दोन्ही वाटण्यांत तिचं नाव नव्हतं.

"आणि मी?" ती ओरडली. इतक्या मोठ्यानं ओरडायचं तिच्या मनात नव्हतं, पण आता ओरडून झालंच होतं. "मला पण पाहिजे! गाडी न्या मळ्यात. पण बॉनेट माझ्याशिवाय कुणी उघडायचं नाही. पाइप लावून धुवायची नाही. तिच्यात कापसाचं बोचकं ठेवायचं नाही. आणि पोळ्याला गेरू लावायचा नाही!"

सांडूअण्णांनी गंभीरपणे ऐकून घेतलं. "गेरू नाय," ते म्हणाले. "गोंडे?"

सोनियानं डोळे पुसले. "गोंडे चालतील."

"बग रामू. आसं मागावं लागतं." त्यांनी दार उघडलं आणि खाली वाकून, गुडघ्यांना शिव्या देत, बाजूच्या लाल गादीवर बसले. "चल."

"आत्ता?" सोनिया म्हणाली. "अजून निकाल आहे!"

"भाकरी झाली, वाटणी झाली. आता काय निकालाचं घेऊन बसली? तू आमच्या मागं पिकअपमधून ये. मधीच बंद पडली तं?"

हर्सूल मागं पडलं, चौक्याचा घाट मागं पडला. पुढं हिरवी एमजी, तिच्यात दोन म्हातारे, एकानं निळ्या कोटाची बटणं उघडी टाकलेली, दुसऱ्यानं एका हातानं टोपी दाबून धरलेली. मागं पिकअपमध्ये शिवराज, मोठ्याई आणि सोनिया, आणि हौद्यात खणखणणारा घोडा. सोनिया कान देऊन एमजीचा आवाज ऐकत होती आणि मोठ्याई तिला बटाट्याची भाजी तिखट करू की कमी तिखट, ते विचारत होत्या. समोरून येणारे ट्रकवाले हॉर्न वाजवून गाडीला सलाम ठोकत होते. पुढचे दोघं एकसारखे बोलत होते. वाऱ्यात एकमेकांचं ऐकू येणं शक्यच नव्हतं, पण थांबत कुणीच नव्हतं.

फुलंब्रीच्या पुढं सोनियाचा फोन वाजला.

"मॅडम, तुमच्या गाडीला दुसरं बक्षीस आहे. तीनदा नाव पुकारलं. जागेवर नुसती करवंटी पडलीय. गाडी कुठंय?"

"घरी निघालीय," सोनिया म्हणाली.

"काय म्हनतो त्यो?" मोठ्याईंनी विचारलं.

"बक्षीस मिळालं. दुसरं."

"दुसरं कामून?" मोठ्याईंना ते अजिबात पटलं नाही. "पुढच्या साली हळद बी लावू."

सिल्लोड जवळ आलं. रस्ता आता चौपदरी झाला होता. मळ्याकडे वळायच्या जागेवरचं मोठं लिंबाचं झाड रुंदीकरणात गेलं होतं, त्या ठिकाणी धाबा आला होता, टायरचं दुकान आलं होतं, मोबाईलचा मनोरा आला होता. दर दिवाळीला येणारी शिवराजची बहीणसुद्धा इथं चुकायची. पप्पा तर, सोनियाच्या माहितीत तरी, या वाटेला वाटणीच्या दिवसापासून फिरकलेले नव्हते.

"दादा, हॉर्न दे," सोनिया घाईनं म्हणाली. "नाही तर पुढं जा. पप्पांना वळण सापडायचं नाही."

शिवराजनं हॉर्नवर हात ठेवला. पुढच्या गाडीत मोठ्या बाबांनी टोपी सोडली आणि वळण दाखवायला हात बाहेर काढला. पण तोवर पप्पांनी गाडी वळवलीसुद्धा होती.